जांभ्यावर, पेंढ्याखाली बटाटा

गोव्यात परसात बटाटा लावायचा म्हटलं की अडचण पिकासाच्या पहिल्या घावालाच कळते. वर वीतभर तांबडी माती, खाली खडी, त्याखाली जांभा दगड, म्हणजे चिरा. त्यामुळे न खणता, जमिनीवर बियाणं ठेवून वर पेंढा घालायची पद्धत ऐकली की सगळ्यांना वाटतं, चला, खणणं वाचलं. ते वाचतंच. पण आपल्या हवेत पेंढ्याचं मोठं काम निराळं आहे. माती थंड ठेवणं हे ते काम. ते ध्यानात न घेता पेंढा पसरला तर पाला मांडीपर्यंत येतो आणि खाली सुपारीएवढे चार बटाटे मिळतात.

बटाट्याच्या झाडाला पाला वाढवायला ऊब चालते, पण कंद धरायला रात्र गार लागते. १५ ते २० अंशांच्या रात्री त्याला मानवतात. रात्र २२ अंशांच्या वर राहायला लागली की झाड कंदाचा नाद सोडून पाल्यात रमतं. पणजीत डिसेंबर-जानेवारीची रात्र २० अंशांच्या आसपास असते. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराकडच्या बाजूला ती आणखी दोन-चार अंशांनी उतरते. म्हणजे आपण अगदी काठावर आहोत. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून याच किनाऱ्यावर उतरला, पण पीक काही इथे रमलं नाही. ते बेळगावकडून ट्रकमधूनच येत राहिलं.

डिचोली तालुक्यातल्या एका वाफ्याचा हा एका हंगामाचा हिशेब आहे. वाफा घराच्या पूर्वेला, ३ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. रुंदी यापेक्षा जास्त करू नये, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे आणि वाफ्यात पाय पडता कामा नये. सकाळी आठपासून दुपारी एक-दीडपर्यंत ऊन, नंतर माडांची सावली. बटाट्याला सहा तास ऊन हवं असं सांगतात. इथे ते ऊन सकाळचंच असलं पाहिजे. दुपारचं ऊन वाफ्यावर थेट पडत असेल तर पश्चिमेच्या बाजूला केळीची एखादी रांग किंवा चुडतांचा, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा आडोसा करावा. तापमान मोजायला स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर पुरतो. डिसेंबरात दुपारी दोन वाजता वाफ्याशेजारच्या उघड्या मातीत ५ सेंटिमीटर खाली तो ३८ दाखवत होता आणि त्याच वेळी पेंढ्याखाली २६. या बारा अंशांसाठीच हा सगळा खटाटोप.

वेळ चुकवून चालत नाही. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्याला आटोपतो, पण अरबी समुद्रात वादळ झालं तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातही पाणी पडतं. २०१९ साली क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा आलं तेव्हा तसंच झालं होतं. ओल्या पेंढ्याखाली, उकाड्यात बियाणं आठ दिवसांत कुजतं. म्हणून घाई करू नये. तुळशीचं लग्न, म्हणजे इथली व्हडली दिवाळी, हा साधा अंदाज बरा. १० ते २० नोव्हेंबरच्या दरम्यान लावणी झाली की कंद धरायचा काळ, म्हणजे लावणीनंतरचे ३५ ते ७० दिवस, नेमका डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पडतो. डिसेंबर उजाडल्यावर लावलेला बटाटा फेब्रुवारीच्या अखेरच्या उकाड्यात सापडतो. इथला वाफा १४ नोव्हेंबरला लावला.

आता बियाणं. निम्मी हार-जीत इथेच ठरते. नोव्हेंबरात बाजारात दोन तऱ्हेचे बटाटे असतात. एक शीतगृहातला जुना, बहुधा आग्र्याकडचा, आणि दुसरा खरिपाचा नवा. दिसायला नवा अधिक देखणा असतो, आणि तोच नको. काढणीनंतर बटाटा आठ-दहा आठवडे झोपेत असतो. त्या काळात त्याला कितीही ओल द्या, डोळे हलत नाहीत. ओळख सोपी आहे. अंगठा दाबून सरकवला की नव्या बटाट्याची साल पापुद्र्यासारखी सुटते, जुन्याची घट्ट राहते. जुन्याचे डोळेही किंचित फुगलेले दिसतात. चिप्ससाठी म्हणून वेगळा ठेवलेला बटाटाही घेऊ नये. तो १० ते १२ अंशांवर साठवतात आणि कोंब येऊ नयेत म्हणून त्यावर औषधाची धुरी दिलेली असते. असा बटाटा लावला तर महिनाभर वाट बघूनही डोळ्यांवर नुसते मस येतात.

प्रमाणित बियाणं मिळालं तर फारच उत्तम. अडचण एवढीच की ते ५०-५० किलोंच्या गोणीत येतं आणि आपल्याला सव्वा किलो लागतं. चार-पाच घरांनी मिळून आणवलं तर जमतं. जात निवडायची संधी असेल तर कुफ्री सूर्या मागावी. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ती २००६ साली उष्ण भागासाठी दिली, आणि तुडतुड्यांनी पानांच्या कडा करपतात तो त्रासही तिला कमी होतो. कुफ्री लवकर ही १९७२ची जुनी जात महाराष्ट्राच्या पठारासाठी काढलेली, नावाप्रमाणे लवकर भरते. बाजारातून घेतलात तर जात कळणार नाही. व्यापारी ३७९७ म्हणतात ती कुफ्री बहार. ती उत्तरेकडच्या थंडीला घडलेली आहे, इथे येते पण कंद बारीक राहतो.

बियाणं अंड्याएवढं, ३० ते ४० ग्रॅमचं, अख्खं घ्यावं. मोठा बटाटा कापून लावायची रीत थंड मुलखात ठीक आहे. आपल्याकडे कापलेल्या फोडीला चार दिवसांत वास येतो. कापायचाच झाला तर प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे ठेवावेत, सुरी प्रत्येक वेळी पुसून घ्यावी आणि फोडी सावलीत, वाऱ्यावर तीन दिवस वाळवाव्यात. कापलेली बाजू कोरडी, चामड्यासारखी लागली पाहिजे. राखेत घोळवून लगेच लावलेल्या फोडी कुजल्याच.

लावणीआधी तीन आठवडे बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये, जास्त डोळ्यांची बाजू वर करून, पडवीत उजेडाला ठेवायचे. ऊन नको, उजेड हवा. अंधारात कोंब पांढरे, लांब, धाग्यासारखे येतात आणि हात लागला की तुटतात. उजेडात तेच कोंब एक सेंटिमीटरचे, जाड, जांभळट-हिरवे येतात. टोकाचा एकच कोंब आधी जोर करतो. तो आठव्या-दहाव्या दिवशी खुडला की बाजूचे तीन-चार एकदम फुटतात. कोंब जास्त म्हणजे खोडं जास्त, आणि खोडं जास्त म्हणजे कंदांची संख्या जास्त. या ट्रेमधल्या ४२ पैकी ३६ घेतले. दोन मऊ पडले होते आणि चारांचे कोंब केसासारखे बारीक होते. असे केसाळ कोंब बहुधा विषाणूची खूण असते, तसले बटाटे लावू नयेत.

ट्रे पडवीत असतानाच वाफा तयार होतो. गवत कोयत्याने जमिनीलगत कापून तिथेच पडू दिलं. लव्हाळा तेवढा आधी हाताने, गाठीसकट काढावा लागतो, त्याला पर्याय नाही. खोका, पेंढा, चटई, लव्हाळ्याची सुई सगळ्यातून वर येते. बटाट्यालाही आरपार भोसकते. ज्या जागी लव्हाळा माजला आहे तिथे हा प्रयोग करूच नये. पावसाळ्यात तिथे एकदा दाट रताळी घेऊन त्याला दाबावं.

गवतावर पुठ्ठा घालावा असं सगळीकडे वाचायला मिळतं. आपल्या जांभ्याच्या जमिनीत पुठ्ठा म्हणजे वाळवीला अक्षत. कोरडा राहिला की दहा दिवसांत त्याच्यावर मातीचे बोगदे चढतात. इथे पुठ्ठा घातला, पण एकेरी, चिकटपट्टी आणि पिना काढून, आणि आदल्या रात्री पाण्यात बुडवून. त्यावर लगेच खत पडलं आणि ओल कधी तुटली नाही, म्हणून वाळवीने तोंड घातलं नाही. वाफ्याच्या कडेला पुठ्ठा पेंढ्याबाहेर डोकावत होता तिथे मात्र ती आलीच. पुठ्ठ्याच्या कडा आत दुमडाव्यात.

पुठ्ठ्यावर कुजलेलं शेणखत आणि पानांचं खत निम्मं-निम्मं, ५ सेंटिमीटर. या मापाच्या वाफ्याला ते १८० लिटर लागतं, म्हणजे २० लिटरच्या बादलीने नऊ बादल्या. खत हातात घेतल्यावर गार लागलं पाहिजे आणि त्याला पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास हवा. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. कच्चं शेणखत गरम होतं आणि हुमणीही घेऊन येतं. खतात ३५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि चुलीची राख दोन मुठी. राख त्याहून जास्त नको. आपली माती आंबट आहे आणि बटाट्याला ती तशीच आवडते. राखेने आंबटपणा मोडला की सालीवर खवडे येतात.

पेंढ्याबद्दल थोडं. घाटावरचा वाचक तण म्हटलं की उपटायच्या गोष्टीकडे बघेल. इथे गावात गुरांना घालायचं तण म्हणजे हाच भाताचा पेंढा. तर तण बटाट्यात घालायचं आहे, काढायचं नाही. विळ्याने कापलेल्या भाताचा लांब पेंढा मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो एकमेकांत गुंततो, फुगून राहतो, वाऱ्याने उडत नाही. आता बहुतेक कापणी मशीनने होते, त्याचा पेंढा तुटका येतो, लवकर दबतो आणि थर दीडपट लागतो. आणल्यावर एकदा अंगणात झटकून घ्यावा. राहिलेले दाणे पडतात आणि कोंबड्या ते टिपतात. न झटकलेल्या पेंढ्यात पंधरा दिवसांनी भाताची रोपं उगवतात, आणि दाण्याच्या वासाने उंदीर येतात ते वेगळंच. एकूण १६ किलो सुका पेंढा लागला. लावणीला ८, पहिल्या भरीला ५, दुसरीला ३. पेंढ्या मोजू नयेत, काट्यावर घालावं, कारण पेंढी प्रत्येकाच्या हाताप्रमाणे लहान-मोठी असते.

पेंढा कमी पडला तर काजू-फणसाचा सुका पाला एक तृतीयांशापर्यंत मिसळता येतो. रस्त्याकडेच्या अकेशियाची पानं मात्र नकोत. ती चामट असतात, एकावर एक कौलासारखी बसतात आणि पाणी बाहेर ओघळून जातं.

लावणी तासाभराचं काम आहे. तीन ओळी, दोन ओळींमध्ये ४० सेंटिमीटर, एका ओळीत दोन बटाट्यांमध्ये २५. बटाटा खतात निम्मा रुतेल इतका दाबायचा, कोंब वर, आणि त्यावर मूठभर खत घालून झाकायचा. ही मूठ विसरू नये. नुसत्या पेंढ्यात मोकळा ठेवलेला बटाटा फुटतो, पण मुळांना हवा लागून ती सुकतात. या पद्धतीत सगळ्यांत जास्त फसगत होते ती इथेच. मग भरपूर पाणी, ६० लिटर, आणि मगच पेंढा. पेंढा आधी घालून वरून पाणी मारलं तर पहिल्या दिवशी निम्मं पाणी काडीवरून घरंगळतं, खाली पोचतच नाही.

पहिला थर १५ ते १८ सेंटिमीटरचाच. एका दमात फूटभर घालायचा मोह होतो. थंड देशात तसंच करतात. पण फूटभर पेंढ्याखाली कोंब अंधारात चाचपडत आडवे जातात, लांबट होतात आणि बाहेर येईपर्यंत बियाण्याची शिदोरी संपते. दोन-तीन हप्त्यांत घातलेला पेंढा झाडाला सोबत करत चढतो. थरावर चार चुडतं आडवी टाकली. त्यांनी पेंढा धरला, आणि कोंबड्यांना पाय मारायला जागा राहिली नाही. ज्यांच्या वाड्यावर मोकळ्या कोंबड्या आहेत त्यांनी तीन फूट जाळी लावल्याशिवाय या भानगडीत पडू नये. एका सकाळी दोन कोंबड्या अख्खा वाफा अंगणभर करतात. डोंगराकडच्या गावांत मोरही तेच करतात.

बाराव्या दिवशी पहिलं पान दिसलं, अठराव्या दिवशी ३१ जागा भरल्या. राहिलेल्या पाच जागी पेंढा हाताने फाकवून पाहिलं. दोन कोंब पेंढ्याच्या गाठीखाली अडकून वेटोळं घालून बसले होते, मोकळे केल्यावर तीन दिवसांत हिरवे झाले. तीन बटाटे कुजले होते. अशा वेळी पेंढ्यात हात घालण्याआधी काठीने ढवळायची सवय ठेवावी. नाही म्हटलं तरी थंड, ओला, बेडूक-उंदरांची ये-जा असलेला पेंढा घोणशीला आणि विंचवाला बरा वाटतो. हातमोजे आणि काठी, दोन्ही.

पाणी हा सवयीचा भाग आहे आणि घड्याळावर चालत नाही. साधारण तीन दिवसांनी ४० लिटर लागले, जानेवारीच्या शेवटी दोन दिवसांनी. पण खरी परीक्षा हाताची. पेंढ्याखाली बोटं सरकवून खताला चिमूट लावायची. ते एकत्र बसलं आणि बोट ओलं झालं नाही तर ठीक. पाणी सुटलं तर दोन दिवस थांबायचं. वरचा पेंढा कडक सुका दिसतो म्हणून रोज पाइप धरणारे लोक बटाटे कुजवतात. पाणी सकाळी, पाइप पेंढ्याखाली सरकवून, पानं न भिजवता. संध्याकाळी पानं भिजली की रात्रभर ओली राहतात आणि करपा येतो. आपल्याकडे येतो तो बहुधा उष्ण हवेतला, खालच्या पानांवर गोल-गोल वळ्यांचे तपकिरी ठिपके. अशी पानं खुडून जाळून टाकली की चार झाडांपलीकडे जात नाही.

पंचविसाव्या दिवशी झाडं वीतभर झाली. गोमूत्र दहापट पाण्यात, झाडाला अर्धा लिटर, बुडाशी. कारण असं की पेंढा कुजायला लागला की तळाच्या थरातले जिवाणू नत्र स्वतःला ओढतात आणि झाड थोडं पिवळं पडतं. नंतर दुसरा पेंढा, खोडांभोवती सारून, शेंडा दहा सेंटिमीटर उघडा ठेवून. पंचेचाळिसाव्या दिवशी तिसरा. त्यानंतर पेंढा कधी चार बोटांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. तो दबत राहतो आणि एक दिवस कुठेतरी बटाट्याची पाठ उघडी पडते. उजेड लागलेली जागा हिरवी होते, आणि हिरव्या बटाट्यात कडू विष वाढतं. शिजवून ते जात नाही.

अडतिसाव्या दिवशी एका झाडाच्या बुडाशी पेंढा अलगद बाजूला केला. न खणता लावल्याचं सुख इथे आहे, झाडाला न दुखवता पोटातलं पाहता येतं. खतावर पांढरे, काडेपेटीच्या काडीएवढे जाड दोर आडवे पसरलेले होते. मुळांसारखे फाटे फुटलेले नाहीत, गुळगुळीत. सहाच्या टोकांना हूक होता आणि हुकाच्या मागे वाटाण्याएवढा फुगवटा. हूक म्हणजे कंद धरायची तयारी. सातवा दोर, वाफ्याच्या पश्चिम कडेचा, जिथे पेंढा पातळ झाला होता, तो मात्र सरळ होऊन वर चालला होता आणि त्याच्या टोकाला दोन चिमुकली हिरवी पानं. तेच झाड, तेच पाणी, पण माती तापलेल्या बाजूला कंद व्हायचा तो दोर कोंब झाला. पेंढ्याच्या जाडीचं एवढं रोखठोक उत्तर दुसरीकडे मिळत नाही. झाकून टाकलं आणि त्या कडेला राहिलेली दोन्ही चुडतं घातली.

किडींमध्ये त्रास दिला तो काटेरी पिवळ्या अळ्यांचा, वांग्यावर येतात त्याच. पानाची जाळी करतात. सकाळी पानं उलटून साबणाच्या पाण्यात टाकल्या. मावा आणि तुडतुडे यांना निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, उन्हं कलल्यावर, दहा दिवसांनी एकदा. यापलीकडे परसाच्या वाफ्याला काही लागू नये.

मर मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि गोव्यात बटाटा हरतो तो बहुतेक वेळा तिच्यापुढे. पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास एक झाड दुपारी माना टाकून उभं होतं. संध्याकाळी सावरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी सावरलंच नाही. पानं हिरवीच्या हिरवी, पिवळी न पडता मेलेली. असं दिसलं की पाणी वाढवू नका. खोड बुडाशी कापून दोन इंचांचा तुकडा घ्या, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी भरा आणि कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं हलकं धरा. हलवायचं नाही. तीन-चार मिनिटांत त्या टोकातून धुरासारखे दुधाळ धागे खाली उतरायला लागले तर ती जिवाणूची मर आहे. या पेल्यात ते उतरले. औषध नाही. झाड आणि त्याखालचे बटाटे पिशवीत घालून बाहेर काढले, शेजारची तीन झाडंही काढली आणि खड्डा केला नाही, कारण माती हलवली की ती पसरते. न खणण्याचा हा एक अनपेक्षित फायदा.

ही मर मुख्यतः वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा या एका कुळात फिरते. त्या कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वी मिरची होती. ताळगाव-आगशीकडे वांगी पिकवणाऱ्यांना ही मर नवी नाही. म्हणून बटाट्याला जागा शोधताना पहिला प्रश्न ऊन किती हा नाही, गेली तीन वर्षं इथे काय होतं हा विचारावा. अळू, भेंडी, तांबडी भाजी (तांबडा माठ), वाल, रताळं यांतलं काही असेल तर चालेल.

हीच पद्धत सुंदरबनच्या खाऱ्या पट्ट्यात भातकापणीनंतर ओल्या शेतात वापरतात. तिथे पेंढा ओल धरतो आणि जमिनीतलं मीठ वर चढू देत नाही. ते वाचून आपल्याकडच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, हात घालायचा मोह होईल, पण त्यांची जानेवारीतली रात्र आपल्यापेक्षा पुष्कळ गार असते. परसातल्या चार चौरस मीटरवर जे साधतं ते शेतात साधेलच असं नाही.

पासष्टाव्या दिवसापासून कोवळे बटाटे चोरता येतात. पेंढा वर करायचा, कोंबडीच्या अंड्याएवढे दोन-तीन खुडायचे, पेंढा पुन्हा खाली. बाकीचे वाढत राहतात. अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी पाणी तोडलं. पाला पिवळा पडून आडवा झाला. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी, १० फेब्रुवारीला, पाला कापला आणि पेंढा उचलला. खोरं नाही, कुदळ नाही. बहुतेक बटाटे खतावर सुटे पडलेले, काही पुठ्ठ्याच्या चिंध्यांत अर्धे रुतलेले, एकालाही धार लागलेली नाही.

हिशेब असा. ३६ लावले, ३३ उगवले, चार मरीत गेले, २९ झाडांचे ४ किलो ६०० ग्रॅम. त्यातले ३५० ग्रॅम हिरवे म्हणून टाकले, सुमारे ६०० ग्रॅम बोराएवढे. बियाणं १ किलो ३०० ग्रॅम होतं, म्हणजे साडेतीनपट. पंजाबातला शेतकरी हसेल. पैशांच्या भाषेत बोलायचं तर पेंढा आणि खत विकत घेणाऱ्याला हा बटाटा बाजारापेक्षा महाग पडतो. बोराएवढ्यांची मात्र सालीसकट सुकी भाजी झाली, कढीपत्ता आणि खोबरं घालून, तशी बाजारच्या बटाट्याची होत नाही.

काढलेले बटाटे धुवायचे नाहीत. अंधाऱ्या, वारा खेळत्या जागी दोन-तीन दिवस पसरून ठेवले की साल घट्ट होते, मग कोरड्या रेतीवर, पोत्याखाली. आपल्या उकाड्यात तीन-चार आठवडे टिकतात. पुढे पाकोळी डोळ्यांत अंडी घालते आणि सालीवर काळी भुकटी दिसायला लागते. पुढच्या वर्षासाठी बियाणं म्हणून ठेवायच्या नादी लागू नये. फेब्रुवारी ते नोव्हेंबर नऊ महिने होतात. घरात ते सुरकुततात, आणि टिकलेच तर विषाणू आणि मर घेऊन परत वाफ्यात जातात.

उरलेला पेंढा आता निम्मा काळा, मऊ. तो तिथेच पसरून, मधे बोटभर फटी करून, त्याच आठवड्यात तांबडी भाजी पेरली. मरीचा कोपरा सोडून.